ड्रेन निघाला तरी हाताकडे लक्ष हवंच

लेखात स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांची आणि ड्रेनची (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) काळजी छान सांगितली आहे, पण हाताबद्दल जेमतेम एक ओळ आहे. माझ्या आईला जास्त त्रास हाताचाच झाला. या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्या की दंडाची आतली बाजू बधिर होऊ शकते, कधी मुंग्या येतात, कधी चटका बसल्यासारखं होतं. तिथली नस दुखावलेली असते, त्यामुळे हे महिनोन् महिने चालू शकतं. चोवीस तासांत साधारण २५-३० मिलीपेक्षा कमी पाणी आलं की ड्रेन काढतात. नंतरही काखेत पाणी साचू शकतं. घरी दाबून बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवला की खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला भिंतीवर बोटं वर सरकवण्याचा व्यायाम चुकवू नका. स्वतःची वेणी स्वतः घालता आली त्या दिवशी आई किती खूश होती!

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताची बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटू लागली तर ती सूज असू शकते, अगदी काही वर्षांनीसुद्धा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पुढून हुक असलेले सैल ब्लाउज ऑपरेशनच्या आधीच शिवून ठेवा, डोक्यावरून कपडे घालणं सुरुवातीला जमत नाही.