‘जुने एचटीएमएल बंद झाले’ हे खरे नाही

वेब डिझाइन शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्यात म्हटलेले असते की वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेची पाचवी आवृत्ती, एचटीएमएल ५, आल्यावर एचटीएमएल ४ बंद झाले, जुन्या टॅगांची (म्हणजे मजकुराला घातलेल्या खुणांची) पाने नव्या ब्राउझरमध्ये चालत नाहीत, प्रत्येक टॅग स्लॅश देऊन बंद करावाच लागतो आणि ‘बी’ (ठळक), ‘आय’ (तिरपे) असे जुने टॅग काढून टाकले आहेत. यातले प्रत्येक विधान तपासून पाहिले पाहिजे, कारण यावर विसंबून चालती पाने विनाकारण पुन्हा लिहिली जातात.

जुनी पाने चालत नाहीत, हा दावा सर्वांत चुकीचा आहे. एचटीएमएल ४.०१ डिसेंबर १९९९ मध्ये आले आणि एचटीएमएल ५ ला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अंतिम मान्यता ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली. पण ब्राउझरमध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे यंत्र बसवलेले नसते. ‘फॉन्ट’ (अक्षराचा प्रकार ठरवणारा) आणि ‘सेंटर’ (मजकूर मध्यभागी आणणारा) हे टॅग नव्या पानात लिहू नयेत असे नवे मानक सांगते, आणि तेच मानक ते टॅग आढळल्यास ब्राउझरने कसे दाखवावेत हेही सांगते. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय अक्षरपद्धत, रुळण्यापूर्वीची मराठी पाने आज रोमन अक्षरांचा कचरा दाखवतात, त्याचे खापरही एचटीएमएल ५ वर फोडले जाते. वास्तविक ब्राउझर ‘फॉन्ट’ टॅग आजही पाळतो. मात्र त्यात नाव दिलेला फॉन्ट आपल्या संगणकावर नसतो आणि साठवलेली अक्षरे मुळात देवनागरीची नसतातच. तिथे गरज आहे ती मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची, टॅग बदलल्याने काहीही साधणार नाही.

डॉकटाइपविषयी, म्हणजे पानाच्या अगदी सुरुवातीला लिहायच्या ओळीविषयी, मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. ती ओळ आवृत्ती निवडते असे मानले जाते, पण ब्राउझर तिच्यावरून एवढेच ठरवतो की पान प्रमाण पद्धतीने मांडायचे की जुन्या, म्हणजे ‘क्वर्क्स’ पद्धतीने. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, रुंदी नुसती ‘२००’ लिहिली आणि पुढे ‘पीएक्स’ (पिक्सेल) हे एकक दिले नाही, तर डॉकटाइप नसलेल्या पानावर ती चालते; वर डॉकटाइपची छोटी ओळ घातली की तीच सूचना निकामी होते आणि मांडणी विस्कटते. हे पाहणाऱ्याला एचटीएमएल ५ ने पान मोडले असे वाटते. एचटीएमएल ४.०१ चा ‘स्ट्रिक्ट’ डॉकटाइप घातला असता, तरीही नेमके हेच घडले असते.

स्लॅशची सक्ती एक्सएचटीएमएलची, म्हणजे एचटीएमएलच्या अधिक काटेकोर नियमांच्या रूपाची, होती, एचटीएमएलची कधीच नव्हती. ‘पी’ (परिच्छेद) आणि ‘एलआय’ (यादीतली नोंद) यांचे बंद करणारे टॅग ४.०१ मध्येही ऐच्छिक होते, आजही आहेत. नवी ओळ सुरू करणाऱ्या ‘बीआर’मधला स्लॅश तर ब्राउझर सरळ सोडून देतो.

‘बी’ आणि ‘आय’ काढलेले नाहीत, त्यांना अर्थ दिला आहे. आंब्याचे शास्त्रीय नाव ‘मॅन्जिफेरा इंडिका’ तिरपे छापायचे असेल, तर ‘आय’ हाच योग्य टॅग आहे, कारण तिथे ‘ईएम’ या टॅगने सुचवला जाणारा आघात अभिप्रेत नसतो. ४.०१ ने नापसंत ठरवलेले ‘यू’ (अधोरेखित) आणि ‘एस’ (खोडलेले) हे टॅग तर एचटीएमएल ५ ने परत घेतले. ‘फ्रेमसेट’, ‘बिग’, ‘टीटी’ या इतर काही जुन्या टॅगांना मात्र नव्या लेखनातून वगळले आहे, आणि जुने टॅग काढल्याच्या दाव्याचा तेवढा भाग बरोबर आहे.

खरा फरक त्या मजकुरात येतच नाही. ‘बी’च्या आत ‘आय’ उघडून आधी ‘बी’ बंद केला, तर पुढचे शब्द कसे दिसावेत हे ४.०१ ने सांगितले नव्हते आणि प्रत्येक ब्राउझर आपापला अंदाज करत असे. एचटीएमएल ५ ने अशा चुकांचाही एकच निश्चित अर्थ लिहून ठेवला: ‘बी’ बंद झाल्यानंतरचे शब्द ‘आय’ बंद होईपर्यंत फक्त तिरपे दिसतील, ठळक नाही, आणि हे सर्व ब्राउझरमध्ये सारखेच घडेल.