पेजरच्या बॅटरीचा हिशेब आणि ‘एक-अष्टमांश’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पोकसॅग पद्धतीच्या (रेडिओवरून छोटे निरोप पाठवण्याच्या एका संकेतप्रणालीवर चालणाऱ्या) पेजरवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रिसीव्हर केवळ एक-अष्टमांश वेळ चालू राहतो हे माझे विधान खरे धरले, तर त्याच लेखातील ‘बॅटरी साधारण ४० दिवस टिकते’ हा हिशेब जुळत नाही, हा पहिला आक्षेप. ठरलेल्या वेळी रिसीव्हर चालू-बंद करणे हे निव्वळ घड्याळाचे काम आहे, त्याला ‘संकेत-प्रक्रिया’ असे भारदस्त नाव देऊ नये, हा दुसरा. पहिला मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मान्य नाही, आणि त्याची कारणे पहिल्या चुकीच्या दुरुस्तीतच सापडतात, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या या संकेतप्रणालीत प्रत्येक बॅचच्या (एकत्र पाठवल्या जाणाऱ्या बिटांच्या गटाच्या) आरंभी ३२ बिटांचा एक समक्रमण-शब्द (पेजरला वेळ जुळवता यावी म्हणून पाठवलेला ठरावीक क्रम) असतो आणि त्यामागून आठ फ्रेम येतात. प्रत्येक फ्रेममध्ये ३२ बिटांचे दोन शब्द, म्हणजे एकूण बॅच ५४४ बिटांची. पेजरच्या २१ बिटांच्या पत्त्यातील शेवटचे तीन बिट त्याची फ्रेम ठरवतात, त्यामुळे उरलेल्या सात फ्रेम त्याने ऐकण्याची गरज नसते. मी येथेच थांबलो आणि एक-अष्टमांश लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात पेजरला स्वतःच्या फ्रेमच्या ६४ बिटांखेरीज समक्रमण-शब्दाचे ३२ बिटही ऐकावे लागतात. ५४४ पैकी ९६ म्हणजे १७.६ टक्के होतात, साडेबारा नव्हेत.

यात रिसीव्हर स्थिरावण्याचा वेळही मिळवायला हवा. तो प्रत्येक वेळी १० मिलिसेकंद धरू. सेकंदाला ५१२ बिट या वेगाने बॅच १०६२.५ मिलिसेकंद चालते, समक्रमण-शब्द ६२.५ आणि फ्रेम १२५ मिलिसेकंद घेते, आणि दोनदा जागे होण्याचे २० मिलिसेकंद मिळून २०७.५ होतात, म्हणजेच १९.५ टक्के. उदाहरणादाखल प्रसारण सतत चालू, रिसीव्हरला ५ मिलिअँपिअर, सतत चालणाऱ्या डीकोडरला (बिटांचा अर्थ लावणाऱ्या मंडलाला) ०.०५ मिलिअँपिअर आणि सेलची क्षमता १००० मिलिअँपिअर-तास मानली, तर सरासरी प्रवाह १.०३ मिलिअँपिअर येतो आणि सेल ४० दिवस टिकतो. एक-अष्टमांश धरून हाच आकडा ६० दिवसांच्या वर जातो. माझे ४० दिवस बरोबर होते, पण त्यांचे मी दिलेले कारण चुकीचे होते, आणि ही विसंगती आपण नेमकी पकडलीत.

आता आपला दुसरा मुद्दा. वरच्या गणितातील १० मिलिसेकंद कोठून आले, हा प्रश्न घड्याळाने सुटत नाही. पेजरमध्ये रूढ झालेल्या थेट-रूपांतर रिसीव्हरमध्ये स्थानिक ऑसिलेटर (पेजरमध्येच लहर निर्माण करणारे मंडल) वाहक लहरीच्याच, म्हणजे निरोप वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीच्याच, वारंवारतेवर असतो. पोकसॅगमध्ये शून्य आणि एक हे बिट वाहकाच्या ४.५ किलोहर्ट्‌झ वर आणि खाली पाठवले जातात, त्यामुळे या दोन लहरी एकत्र करणाऱ्या मिक्सरनंतर दोन्ही बिटांसाठी ४.५ किलोहर्ट्‌झचाच स्वर उरतो. तो वरचा होता की खालचा, हे परस्परांपासून ९० अंश कलांतर असलेल्या दोन मार्गांपैकी कोणता पुढे आहे यावरून ओळखले जाते, आणि त्यासाठी एक साधा डी फ्लिप-फ्लॉपही (एक बिट साठवणारे मंडलही) पुरतो. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण उपयुक्त संकेत शून्य वारंवारतेपासून दूर असल्याने मिक्सरच्या मार्गातील नको असलेला स्थिर विद्युत्दाब कॅपॅसिटर लावून सरळ अडवता येतो.

मात्र तो कॅपॅसिटर रिसीव्हर जागा होताना प्रत्येक वेळी भरावा लागतो. अडवणुकीची सीमा (जिच्याखालील वारंवारता अडवल्या जातात ती) १०० हर्ट्‌झला ठेवली, तर कालस्थिरांक (कॅपॅसिटर किती वेगाने भरतो याचे माप) १.६ मिलिसेकंद येतो आणि पाच कालस्थिरांकांत, म्हणजे ८ मिलिसेकंदांत, दाब स्थिरावतो. सीमा १ किलोहर्ट्‌झपर्यंत वर नेली, तर हा वेळ एक मिलिसेकंदाच्याही आत येतो, पण मग ऑसिलेटरची वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलची अचूकता आड येते. १५० मेगाहर्ट्‌झवर दशलक्षात १० भागांची चूक म्हणजे १.५ किलोहर्ट्‌झ, आणि दोन स्वर ४.५ ऐवजी ३ आणि ६ किलोहर्ट्‌झवर येतात, जे अजून चालण्यासारखे आहे. ४५० मेगाहर्ट्‌झवर तीच चूक ४.५ किलोहर्ट्‌झ होते आणि एक स्वर थेट शून्यावर येऊन कॅपॅसिटरमध्येच अडकतो. म्हणजे फिल्टरची सीमा, ऑसिलेटरची अचूकता आणि बॅटरीचे दिवस ही तीन वेगळी खाती नाहीत.

हा स्थिरावण्याचा वेळ वेग वाढवल्यावर अधिकच जाचक होतो. सेकंदाला २४०० बिटांवर समक्रमण-शब्द आणि फ्रेम मिळून ४० मिलिसेकंदच लागतात, पण जागे होण्याचे २० मिलिसेकंद तसेच राहतात. २२६.७ मिलिसेकंदांच्या बॅचपैकी ६० मिलिसेकंद रिसीव्हर चालू, म्हणजे २६.५ टक्के. एकूण प्रसारण लवकर संपत असल्याने काही भरपाई होते हे खरे, तरी बॅच चालू असतानाचा भार वाढलेलाच असतो.

प्रसारण बंद असतानाचा काळ तर आपल्या आक्षेपात आलाच नाही, आणि पेजरचे बहुतेक आयुष्य त्यातच जाते. प्रत्येक प्रसारणाआधी एक-शून्य-एक-शून्य असा किमान ५७६ बिटांचा प्रारंभ-क्रम पाठवला जातो. ही संख्या मनमानी नाही: ५४४ अधिक ३२, म्हणजे एक बॅच आणि वर एक शब्द, त्यामुळे दर बॅचइतक्या काळाने एकदा जागा होणारा पेजर त्या क्रमाचे ३२ बिट हमखास गाठतो. पूर्ण ३२ बिट ऐकले, तर स्थिरावण्याचे १० मिलिसेकंद धरून ५१२ च्या वेगाला ६.८ टक्के वेळ जातो. पण नुसता गोंगाट असेल, तर ३२ बिट थांबायचे कशाला? गोंगाटात प्रत्येक पुढचा बिट क्रम मोडण्याची शक्यता निम्मी असते. आठ बिट पाहून निर्णय घेतला, तर १२८ पैकी साधारण एकदाच गोंगाट फसवतो आणि चालू राहण्याचा वेळ अडीच टक्क्यांच्याही आत येतो.

पण संकेत क्षीण असेल आणि शंभरात दोन बिट चुकत असतील, तर आठही बिट अचूक मागणारा पेजर खऱ्या प्रसारणाकडे १०० पैकी १५ वेळा पाठ फिरवील. एक चूक माफ केली, तर हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर येते, मात्र गोंगाट फसवण्याचे प्रमाण १२८ पैकी ९ होते. रुग्णालयातील डॉक्टरांच्या खिशातील पेजरने बॅटरी वाचवावी की निरोप, हा निर्णय या एका उंबरठ्यात घ्यावा लागतो. घड्याळ पेजरला फक्त जागे करते, ऐकू आले ते संकेत आहे की गोंगाट हे त्याला सांगता येत नाही. बॅचदरम्यान घड्याळ फारसे चुकत नसतानाही समक्रमण-शब्द दर वेळी ऐकावा लागतो, तोही याचसाठी: प्रसारण अजून चालू आहे याचा पुरावा त्यातून मिळतो.

मूळ लेखातील ‘एक-अष्टमांश’ काढून तेथे ९६ छेद ५४४ असा हिशेब घातला आहे. आपण पेजर दुरुस्तीचे काम केले असल्याचे लिहिले आहे. स्थिरावण्याचे १० मिलिसेकंद हे माझे गृहीतक आहे, तेव्हा ऑसिलोस्कोपवर रिसीव्हरचा पुरवठा चालू झाल्यापासून पहिला विश्वसनीय बिट मिळेपर्यंतचा काळ आपण कधी पाहिला असेल, तर तो आकडा अवश्य कळवावा. तो या गणितात घालून वरची सर्व टक्केवारी पुन्हा काढीन.