'बायोनिकल', ग्रेग फार्श्टी आणि पुस्तकाबाहेरची उत्तरे

नमस्कार.

'बायोनिकल'वरील माझ्या लेखावर आपण एवढ्या बारकाईने प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. इतर वाचकांसाठी आपला आक्षेप थोडक्यात मांडतो. लेगो कंपनीने २००१ ते २०१० या काळात विकलेल्या या खेळण्यांची कथा लिहिणारे ग्रेग फार्श्टी यांना चाहत्यांनी वर्षानुवर्षे प्रश्न विचारून भंडावून सोडले, त्यांच्या दोन-दोन ओळींच्या उत्तरांना कथेचा दर्जा देऊन टाकला, आणि मी या प्रकाराचे कौतुक केले, असे आपले म्हणणे आहे. लेखकाला जे सांगायचे आहे ते त्याने पुस्तकात सांगावे आणि बाहेरची सगळी उत्तरे बाद समजावीत, हा आपला उपाय. खेळणी खपवण्यासाठी रचलेल्या गोष्टीचा एवढा कीस काढावा का, असेही आपण विचारता. ज्याला तो काढावासा वाटतो त्याने खुशाल काढावा, यापलीकडे त्यावर मला काही म्हणायचे नाही.

मुख्य अडचण आपल्या 'पुस्तकात' या शब्दापाशी येते, कारण या कथेचे असे एक पुस्तक कधी नव्हतेच. कथेचे नायक असलेल्या तोआ वीरांच्या लढाया डीसी या अमेरिकी प्रकाशनाच्या कॉमिक्समध्ये होत्या, बेटावरच्या गावांचे रोजचे जगणे २००१ मधील 'माता नुई' या ऑनलाइन खेळात होते, पुढे कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले, संकेतस्थळावरच्या मालिका आल्या, आणि काही भाग तर खेळण्याच्या वेष्टनातच होता. ही मूळ कल्पना ज्यांच्याकडून आली त्यांपैकी एक, डॅनिश कलादिग्दर्शक ख्रिश्चन फेबर, यांना मेंदूतील गाठीसाठी औषधोपचार घ्यावे लागत होते, आणि आजारी शरीरात शिरून त्याची डागडुजी करणारे छोटे सैनिक ही प्रतिमा त्यांना त्यातून सुचली. म्हणून पहिले तोआ कुपीसारख्या डब्यांतून विकले गेले आणि कथेतही ते तशाच डब्यांतून किनाऱ्याला लागले. ज्या मुलाच्या हाती फक्त तो डबा आला, कॉमिक्स किंवा कादंबरी पोहोचलीच नाही, त्याने तुकडे जुळवण्यासाठी लेखकाला विचारले तर त्यात वावगे काय? विचारणे हा या कथेच्या वाचनाचाच भाग होता, असे माझे मत आहे आणि ते कायम आहे.

शिवाय छापील मजकूर हा तरी कुठे निखळ असतो? २००१ मध्ये न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातील काही गटांनी आपल्या भाषेतील शब्द न विचारता वापरल्याबद्दल वकिलामार्फत आक्षेप घेतला, तेव्हा बेटावरच्या गावकऱ्यांचे 'तोहुंगा' हे नाव बदलून 'मातोरान' झाले आणि त्यांच्यातल्या 'जाला'चा 'जॅलर' झाला. कथेत मात्र हा बदल पराक्रमाचा गौरव म्हणून झालेल्या नामकरणाचा दाखवला गेला. हे कारण पुस्तकी आहे म्हणून खरे आणि माओरींचा आक्षेप बाहेरचा म्हणून गैरलागू, असे आपणही म्हणणार नाही.

तरीही सगळी उत्तरे मी एका तराजूत तोलत नाही. काही उत्तरे आधीच ठरलेली गोष्ट उघड करतात, तर काही विचारल्यामुळेच जन्माला येतात. माता नुई हे बेट एका प्रचंड यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर वसलेले आहे, हे कथेच्या कर्त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होते, पण वाचकांसमोर ते २००८ मध्ये आले. तोवर पुढच्या कथेबद्दलचे प्रश्न फार्श्टी टाळत राहिले, आणि ते योग्यच होते. पुढे त्या यंत्रमानवाची उंची ४ कोटी फूट ठरली. म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर, जवळजवळ आपल्या पृथ्वीच्या व्यासाइतकी! मग तो ज्या समुद्रात आडवा पडला आहे तो ग्रह केवढा, हा पुढचा प्रश्न आलाच. आतल्या रहिवाशांना आपण एका देहात राहतो हे कळत नाही, एवढेच कथेला हवे होते. आकडा हवा होता तो आपल्याला, म्हणजे चाहत्यांना.

माकू आणि हुकी या दोन गावकऱ्यांचेही असेच. २००१ च्या खेळात या दोघांमधली ओढ अगदी हलक्या हाताने दाखवलेली आहे आणि खेळणाऱ्याला ती सहज जाणवते. नंतर फार्श्टी यांनी प्रश्नांना उत्तर देताना सांगितले की, या जीवांमध्ये प्रजनन नाही, त्यामुळे प्रणयही नाही. आपण विचारता, मी कोणाचे मानतो? खेळाचे. जे आधी दाखवले गेले आणि ज्याचा वाचकाने अनुभव घेतला, ते नंतरच्या एका नियमाने पुसले जात नाही. पण म्हणून फार्श्टी यांचे प्रत्येक उत्तर फेकून द्यावे, हे मला पटत नाही; कॉमिक्समधली एखादी संदिग्ध चौकट ज्याने लिहिली तोच ती उलगडून सांगत असेल, तर कान बंद का करावेत?

खरा दोष मला नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत दिसतो. 'अमुक पात्राकडे तमुक शक्ती असू शकेल का?' या प्रश्नाला 'असू शकेल' असे उत्तर आले की चाहत्यांच्या कोशात 'त्याच्याकडे ती शक्ती आहे' असे सरळ विधान जाऊन बसते. प्रश्न गळतो आणि उत्तर तेवढे उरते. ज्याच्यापुढे प्रश्नांचा ढीग आहे असा माणूस निरुपद्रवी सूचनेला 'हो' म्हणतो, यात नवल नाही. त्या 'हो'ची किंमत कळायची तर विचारणाऱ्याचे शब्द शेजारी छापलेले हवेत.

राहिला भंडावण्याचा मुद्दा. २०१० मध्ये खेळणी बंद झाली आणि संकेतस्थळावरच्या मालिका २०११ मध्ये अर्ध्यावर थांबल्या. त्यानंतर नवे काही कळण्याचा मार्ग म्हणून लेखकाला विचारणे तेवढे उरले, त्यामुळे प्रश्नांचा सूर बदलला, हे आपले निरीक्षण मला मान्य आहे. पूर्वी लोक काय घडले ते विचारत. नंतर स्वतःला सुचलेल्या कल्पनेवर लेखकाची मोहोर मागू लागले. पहिली तोआ हेलरिक्स हिचे खेळणे कधी निघालेच नाही. तिचे अधिकृत रूप अखेर चाहत्यांच्या स्पर्धेतून ठरले आणि त्याला फार्श्टी यांनी संमती दिली. त्या स्पर्धेतली कारागिरी पाहताना मला आनंद झाला, परंतु अनेक वर्षे प्रत्येक वाचकाच्या मनात निराळी दिसणारी हेलरिक्स मतमोजणीने एकच ठरवण्याची निकड मला आजही कळत नाही. निदान या बाबतीत तरी माझे मत आपल्यापेक्षा फारसे वेगळे नाही.