चॉकलेटची वडी

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीचा विषय निघाला की गाडी थेट सीसीटीव्हीवर जाते. मग टेलिस्क्रीन (घरात बसून माणसांवर नजर ठेवणारा पडदा), बिग ब्रदर (तिथला सर्वेसर्वा), आणि कुणीतरी बिग बॉसवरून विनोद करतंच. (मीही केलाय.) परवा कॉलेजातली प्रत काढली, तर पेन्सिलीच्या खुणा सगळ्या असल्याच वाक्यांखाली. या खेपेला मात्र मी अडकले ती चॉकलेटपाशी.

कादंबरीचा नायक विन्स्टन सरकारच्या सत्य मंत्रालयात नोकरीला. काम काय, तर जुने पेपर 'दुरुस्त' करायचे. यंदा चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही, असं सरकारने फेब्रुवारीत छातीठोक सांगितलेलं. आता ते ३० ग्रॅमवरून २० वर आणायचंय. मग हा पठ्ठ्या जुन्या अंकातलं आश्वासन काढून तिथे 'एप्रिलमध्ये कपात करावी लागेल' असा इशारा घालतो, आणि कामाचे कागद भिंतीतल्या भोकात टाकतो. खाली भट्टी. पुढे कँटीनमध्ये बातमी ऐकू येते, रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल बिग ब्रदरचे आभार मानायला मोर्चे निघाले! शेजारच्या पार्सन्सच्या घशाखाली ते सहज उतरतं. विन्स्टन चक्रावतो. चोवीस तासांत लोक विसरले?

अरे बाबा, कागद तूच जाळलेस ना! शिवाय हे काम त्याला मनापासून आवडतं, ऑर्वेलने स्वच्छ लिहिलंय. आपण त्याला बिचारा ठरवून मोकळे होतो. मला तर बिग ब्रदरपेक्षा हा हुशार कारकूनच जास्त घाबरवतो.

कादंबरी आली जून १९४९ मध्ये. ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन एप्रिलमध्ये उठलं होतं, ते ऑगस्टमध्ये पुन्हा लागलं. २० ग्रॅम म्हणजे किती, हे त्या वाचकांना समजावून सांगावं लागलं नसणार.

पुढे जंगलात त्याची प्रेयसी ज्युलिया विन्स्टनला चंदेरी कागदातलं खरं चॉकलेट देते. त्या वासाने काहीतरी आतून हलतं, पण नेमकं काय ते आठवत नाही. आठवतं खूप नंतर. लहानपणी घरात एक वडी आलेली. आईने पाऊण वडी याला दिली, पाव आजारी बहिणीला. याने तिच्या हातातला तुकडाही हिसकावला आणि पळाला. आईने पोरीला कुशीत ओढलं. त्याने चॉकलेट परत येणार नव्हतं, तरी ओढलं. तो घरी परतला तेव्हा दोघी नव्हत्या. पुन्हा कधीच दिसल्या नाहीत.

आणि शेवटच्या प्रकरणात त्याला आणखी एक दुपार आठवते. पाऊस पडतोय, आईने सापशिडी आणलीय (हो, आपलीच), सगळे हसतायत. ही आठवण खोटी, असं स्वतःशीच म्हणून तो ती झटकून टाकतो. या वेळी भट्टीही लागत नाही.