अर्धा मज्जारज्जू आणि दोन्ही बाजू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मज्जारज्जूतील (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोरातील) संवेदनामार्गांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. आपले दोन आक्षेप आहेत. मज्जारज्जूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाल्यास उजव्या पायाची कंपनांची जाणीव जाते, तर वेदनेची आणि उष्ण-थंडाची जाणीव डाव्या पायाची जाते, हे माझे विधान आपल्याला परस्परविरोधी वाटते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते हा नियम खरा असेल, तर दोन्ही जाणिवा एकाच बाजूच्या जायला हव्यात, असे आपण म्हणता. दुसरा आक्षेप असा की, पुण्यात आज जागोजागी एमआरआयची सोय असताना टाचणी आणि ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा) वापरून जाणिवा तपासण्याचे हे शास्त्र सामान्य वाचकाच्या गळी कशासाठी उतरवायचे?

माझे विधान आहे तसेच बरोबर आहे, आणि आपण सांगितलेला नियमही बरोबर आहे. संवेदना बाजू बदलतात एवढेच तो नियम सांगतो. कोठे बदलतात हे सांगत नाही, आणि सारे मर्म त्या 'कोठे'मध्ये आहे. कंपनांची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव वाहणारा तंतू चेतेच्या मागच्या मुळातून मज्जारज्जूत शिरतो आणि बाजू न बदलता पश्च स्तंभातून, म्हणजे मज्जारज्जूच्या मागच्या अंगाच्या तंतूंच्या जुडग्यातून, थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलापर्यंत जातो. पायाच्या अंगठ्यापासून तेथपर्यंत एकाच चेतापेशीचा तंतू पसरलेला असतो. उंच माणसात त्याची लांबी दीड मीटरच्या आसपास भरते. दुसऱ्या चेतापेशीशी त्याची गाठ मेडुलात पडते, आणि तिचा तंतू तेथे बाजू ओलांडून थॅलॅमस या मेंदूतील संवेदनांच्या केंद्राकडे जातो. वेदनेचा आणि तापमानाचा तंतू मात्र आत शिरल्यावर फार तर एक-दोन खंड (मज्जारज्जूचे एकावर एक असलेले भाग) वर चढतो, मज्जारज्जूच्या आतील करड्या भागाच्या मागच्या टोकात दुसऱ्या चेतापेशीला भेटतो, आणि तिचा तंतू मध्यनलिकेच्या (मज्जारज्जूच्या मधोमध असलेल्या बारीक नळीच्या) पुढून तिथल्या तिथे विरुद्ध बाजूला जाऊन स्पायनोथॅलॅमिक, म्हणजे मज्जारज्जूतून थॅलॅमसकडे जाणाऱ्या, मार्गाने वर निघतो.

लक्ष्मी रस्त्यावरून दोघे जण एकाच दिशेने निघाले आहेत असे समजा. एक जण उजव्या पदपथावरून चालतो आणि शेवटच्या चौकात रस्ता ओलांडणार आहे. दुसरा निघाला डावीकडून, पण त्याने रस्ता सुरुवातीलाच ओलांडला. मध्येच उजवा पदपथ खणून ठेवला असेल तर अडकतील दोघेही, मात्र दोघे निघाले होते वेगवेगळ्या बाजूंनी. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या मज्जारज्जूचा अर्धा छेद घेऊन हेच दाखवले, आणि आजही या लक्षणसमूहाला त्यांचेच नाव आहे.

ही गोष्ट पुस्तकी नाही. सिरिंगोमायेलिया या विकारात मध्यनलिकेच्या आसपास पोकळी तयार होते आणि ती वाढत जाऊन नेमके बाजू ओलांडणारे तंतू तोडते. मानेच्या भागात असे झाले की, तव्याचा चटका बोटांना कळत नाही. फोड दिसल्यावर तो समजतो. त्याच माणसाच्या तळहातावर डोळे मिटून नाणे ठेवले तर ते रुपयाचे की पाच रुपयांचे, हे तो बहुधा अचूक सांगतो, कारण पश्च स्तंभ शाबूत असतात. अशा रुग्णाची तपासणी फक्त कापसाच्या बोळ्याने केली तर दोष हाती लागणार नाही. हलक्या स्पर्शाला दोन्ही मार्ग उपलब्ध असल्याने तो पुष्कळदा टिकून राहतो, आणि म्हणूनच टाचणी हवी.

आता एमआरआयविषयी. त्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु कोणत्या भागाचा काढायचा, हे आधी माणसालाच ठरवावे लागते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मुळांचा जुडगा असतो, मज्जारज्जू नसतो. दोन्ही पाय ताठ झाले, चालताना अडखळू लागले, आणि बेंबीच्या खाली टाचणी बोथट लागू लागली, तर कमरेच्या मणक्यांमधील सरकलेल्या चकतीने हे घडू शकत नाही. तरीही 'पायाचा त्रास म्हणजे कंबर' असे समजून केवळ कमरेचा एमआरआय काढला जातो. त्यात छातीच्या अगदी खालच्या मणक्यांच्या वर काही दिसत नाही, आणि 'विशेष दोष नाही' असा अहवाल हाती पडतो. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण मज्जारज्जूवर दाब असेल तर वाया गेलेला काळ पुष्कळदा भरून निघत नाही.

यातही एक बारकावा आहे. बेंबीची पातळी छातीच्या दहाव्या खंडाची, म्हणून दोष तेथेच असेल असे नाही. स्पायनोथॅलॅमिक मार्गात पायाकडून आलेले तंतू बाहेरच्या अंगाला आणि हाताकडचे आतल्या अंगाला असतात. बाहेरून वाढणारी गाठ आधी बाहेरचे तंतू दाबते, त्यामुळे बधिरपणा पायांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकतो, आणि गाठ मात्र पहिल्यापासून छातीच्या वरच्या भागात किंवा मानेतही असू शकते. बधिरपणाची रेघ दोषाची खालची मर्यादा सांगते. शोध तेथून वर घ्यायचा असतो.

ट्यूनिंग फोर्कला आपण जुनाट म्हटले आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि ती दीर्घकाळ राहिली तर पश्च स्तंभांना आणि बाजूच्या हालचालींच्या मार्गांना इजा करते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अशी तक्रार घेऊन माणूस येतो. १२८ हर्ट्झचा फोर्क ठोकून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवावा, तर 'थंड काहीतरी लागते आहे' एवढेच तो सांगतो, थरथर त्याला जाणवत नाही. फोर्क थंड लागतो याचाच अर्थ तापमानाचा मार्ग चालू आहे. अशा वेळी एमआरआय निर्दोषही येऊ शकतो, आणि फोर्कने दाखवलेल्या दिशेने रक्ततपासणी केली तर इंजेक्शनांनी सुधारणा होण्याची संधी असते, मात्र ती लवकर साधावी लागते.

मार्गांची नावे वाचकाने पाठ करावीत, असा माझा आग्रह नाही. बाजू ओलांडण्याच्या दोन जागा दाखवणारी आकृती काढून टाकावी, असे आपण सुचवले आहे, ती मात्र मी काढणार नाही. तिच्या शेजारी मानेच्या आणि कमरेच्या भागांतील छेदांची आणखी एक आकृती देण्याचा विचार आहे.

आपला स्नेहांकित,
लेखक