‘जुगाड करून ३५० रुपये घेतले’ या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. माणगावच्या गॅरेजचा मालक बोलतोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की गणपतीला गावी जाताना आम्ही बॅटरीच्या टर्मिनलला जुगाड केला, ३५० रुपये घेतले, तीन आठवड्यांत ठाण्याला पार्किंगमध्ये गाडी बंद पडली आणि नवी बॅटरी टाकूनही सेल्फ लागेना. गाडी मला चांगली आठवते. मागच्या सीटवर पुठ्ठ्याचं मखर आणि त्याला धरून बसलेल्या आजी.

जुगाड हा शब्द मला मान्य आहे. बॅटरीच्या खुंटाला केबल धरून ठेवणारा पॉझिटिव्हचा क्लॅम्प बोल्टापाशी चिरला होता, हाताने फिरत होता. तुमच्या गाडीत तो केबलवर ओतूनच येतो, म्हणजे अख्खी केबल बदलायची. रात्रीचे साडेसात, धो धो पाऊस, स्पेअरची दुकानं बंद. मग निगेटिव्ह आधी सोडली, चिरलेला क्लॅम्प कापला, तांब्याच्या तारा लाल दिसेपर्यंत घासल्या आणि दोन बोल्टांच्या पट्टीखाली दाबायचं टर्मिनल बसवलं. वरून व्हॅसलीन. इंजिन बंद असताना मीटरवर १२.५ व्होल्ट होते, चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग त्या रात्री तरी ठीक होतं.

पण त्या पट्टीखाली तारा उघड्याच राहतात. अ‍ॅसिडची वाफ आणि ओल आत शिरते, तांबं हिरवं पडतं, खड्ड्यांनी बोल्ट ढिले होतात. (आमच्या हायवेचे खड्डे तुम्हाला सांगायला नकोत.) मग दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मारला की नुसतं टक्. कारण दिव्यांना लागतात मोजके अँपिअर, स्टार्टर ओढतो शंभर-दीडशे. दीडशे अँपिअर जाताना सांध्यात ०.०२ ओहम जरी अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खलास. अशा वेळी बॅटरी कितीही नवी टाका, काही फरक पडत नाही. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरी थेट केबलच्या तारांवर धरली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. हिरवा थर आमच्या टर्मिनलवरच आहे, नाकारत नाही. पण खुंट आणि टर्मिनल यांच्या फटीत ठोकलेला स्क्रू आमचा नाही. तो नंतर कुणीतरी घातलाय. शिसं मऊ असतं, स्क्रूने त्याला खाच पडते आणि सगळा करंट दोन रेघांवर येतो. शिवाय हातोडी मारून खुंटाचं सील फुटलं तर अ‍ॅसिड वर झिरपतं.

आता माझी चूक. ‘आठवड्यात केबल बदला’ हे मी तुमच्या दिरांना सांगितलं, तेही पावसात, इंजिन चालू असताना. तुम्हाला सांगितलं नाही आणि बिलावर ‘तात्पुरतं काम’ असं लिहिलं नाही. केबल गुरुवारी आली. बिलावरच्या नंबरवर एकदा फोन केला, उचलला गेला नाही, मग गर्दीत राहूनच गेलं. परतताना तुम्ही माझ्या दारावरून गेलात आणि केबल आत खिळ्याला टांगलेली होती. हे मला लागलंय. आता अशा कामाला केबलवरच तारीख घातलेली पिवळी चिठ्ठी बांधतो.

३५० रुपये परत करतो. केबल अजून आहे, तिची खरेदीची किंमत द्या, मजुरी घेणार नाही. बॅटरीचे पैसे मात्र मी देणार नाही. जुनी अजून बॅटरीवाल्याच्या दुकानात पडून असेल तर चार्ज करून लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या, चांगली निघाली तर त्याच दुकानदाराशी बोला.

तोवर ठाण्यातच कुणाकडून तो स्क्रू काढून घ्या, सांधा गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडा करून बोल्ट आवळा. इकडे येण्याइतकं ते टिकेल. मंगळवारी दुकान बंद असतं.