पाळत ठेवा, पण कोणत्या कायद्यानं?

खरकसिंग हे नाव वकिलांपलीकडे फारसं कुणाला माहीत नसतं. उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला, पुराव्याअभावी सुटला. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायच्या माणसाची नोंद, उघडली. मग काय, रात्री-अपरात्री चौकीदार, हवालदार दारात हजर, झोपेतून उठवायचे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कळलं की या सगळ्यामागे कायदा नव्हताच. होतं ते पोलीस रेग्युलेशन, म्हणजे खात्यानं स्वतःच स्वतःसाठी काढलेल्या सूचना!

डिसेंबर १९६२ मध्ये कोर्टानं रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, बाकीची पाळत राहू दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं बहुमत. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच उलट मत नोंदवलं होतं. ते मान्य व्हायला सुप्रीम कोर्टाचाच २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा. नऊ न्यायाधीश, एकमुखी. सरकारला खासगी आयुष्यात शिरायचं तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

पोलिसांनी नजर ठेवूच नये असं मी म्हणत नाही. तडीपारी घ्या. कठोर आहे, पण महाराष्ट्र पोलीस कायद्यात लिहिलेली आहे. आधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर सरकारकडे अपील. पटलं नाही तर भांडायला जागा आहे.

फोन टॅपिंगलाही नियम आहेत. गृहसचिवांचा आदेश, एका वेळी ६० दिवस, सगळे मिळून १८०. आढावा मात्र मुख्य सचिवांची समिती घेणार. म्हणजे आदेश काढणारे सचिव आणि तपासणारेही सचिव, न्यायाधीश कुठेच नाही. २०२४ च्या नव्या नियमांतही तेच. तरीही नियम कागदावर होते म्हणूनच २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाला लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द करता आले. लाचेच्या आरोपानं सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येते, हे कोर्टाला पटलं नाही. रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

आणि चौकातला कॅमेरा? चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर? त्यांच्यासाठी ना संसदेनं वेगळा कायदा केला, ना आपल्या विधिमंडळानं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणावं, तर गुन्हे रोखण्याच्या कामाला त्यातल्या बहुतेक बंधनांतून सूट. खरकसिंगच्या दारात निदान हवालदार दिसायचा तरी.

'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला' हे वाक्य आता कमेंटमध्ये येईलच. त्या मंडळींना आधीच सांगतो, पुढच्या वेळी तुमच्या प्रभागात आमदार कॅमेऱ्यांचं उद्घाटन करायला आले की टाळ्या जरूर वाजवा, आणि मग एवढंच विचारा: फुटेज किती दिवस ठेवणार, ते कोण बघणार आणि गैरवापर झाला तर तक्रार कुणाकडे करायची? उत्तर मिळालं तर इथे टाका.